पोकळीची आवडनिवड

मराठवाड्यात विहीर खणताना काळा पाषाण सरून मांजऱ्या लागला की पहारीचा आवाज बदलतो. घणाला उलटा टोला देणारा कठीण दगड संपतो आणि तांबूस-करड्या रंगाचा, कडेला हाताने चुरगळावा असा थर सुरू होतो. त्याच्या अंगावर असंख्य भोके असतात, काही मुगाएवढी, काहींत अंगठा जाईल एवढी, आणि त्यांतली बरीचशी पांढऱ्या, गुलाबीसर, कधी सुईदार तर कधी पापुद्र्यापापुद्र्यांच्या स्फटिकांनी गच्च भरलेली. गावात या स्फटिकांना सरसकट गारगोट्या म्हणतात. खनिजशास्त्र त्यांतल्या अनेकांना स्टिल्बाइट, ह्यूलॅन्डाइट, स्कोलेसाइट अशी नावे देऊन झिओलाइट या एका कुळात बसवते. जळगाव, नाशिक आणि पुण्याकडच्या खाणींतून निघालेले त्यांचे नमुने जगभरच्या संग्रहालयांत काचेमागे विराजमान आहेत. औंढा नागनाथच्या भोवतालचे डोंगर याच दख्खनी लाव्ह्याचे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेलेले.

मला त्या भोकांचे कुतूहल अधिक, कारण ती श्वासाची भोके आहेत. वितळलेला खडक भूपृष्ठाकडे येताना त्याच्यावरचा दाब उतरला, पोटात विरघळलेले वायू बुडबुड्यांनी वर धावू लागले, आणि ते वर पोचण्याआधीच खडक थिजल्यामुळे त्यांचे साचे तेवढे मागे राहिले. त्या वायूंत प्रमुख दोघे, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड. या दुसऱ्याला मी पुढे सुटसुटीतपणे कर्बवायूच म्हणेन. दोघांनी मिळून ती घरे कोरली आणि दोघेही निघून गेले. मग युगानुयुगे पाणी तेवढे झिरपत झिरपत परत आले, येताना विरघळलेली खनिजे घेऊन आले, आणि त्या मोकळ्या घरांत त्याने झिओलाइट रुजवले. कर्बवायूला परतीची वाट तितकी सोपी नव्हती. आज धुराड्यांच्या तोंडाशी माणूस ज्या पेचाशी झगडतो आहे, तो या दगडाने माणूस जन्मण्याआधीच आपल्या अंगावर लिहून ठेवला होता असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही.

१७५६ साली क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने असा एक स्फटिक फुंकणीच्या ज्वाळेत धरला आणि तो दगड फसफसून वाफ टाकू लागला. दगडात पाणी असावे यात फार मोठे नवल नाही. नवल हे की पाणी निघून गेले तरी दगडाचा सांगाडा ढासळत नाही, आणि निवताच तो पुन्हा पाणी पिऊन घेतो. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या चौकटीत, मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनही अरुंद अशी दारे आणि त्या दारांमागे कोठड्यांच्या रांगा असतात; याच वंशातले कृत्रिम झिओलाइट आज तेलशुद्धीकरणापासून धुण्याच्या पावडरीपर्यंत सर्वत्र राबतात. नायट्रोजन आणि कर्बवायू यांचे कोरडे मिश्रण त्यांच्यावरून सोडले तर ते कर्बवायू असा काही वेचून घेतात की पाहणाऱ्याला वाटावे, पृथ्वीचा ताप उतरवण्याचे औषध सापडले.

पण जगात कोरडा धूर नसतो. कोळशात ओल असते, कोळशातला हायड्रोजन जळून पाणीच होतो, आणि गंधक धुऊन काढण्याची यंत्रणा असेल तर बाहेर पडणारा धूर वाफेने काठोकाठ भरलेला असतो. अशा धुराला पंगत वाढली की पाणी पहिल्या पाटावर येऊन बसते, आणि एकदा बसले की उठत नाही. कर्बवायू हातपाय धुऊन दारात तिष्ठत राहतो. पक्षपाताचे कारण साधे आहे. पाण्याच्या रेणूच्या दोन टोकांचा विद्युतभार विषम असतो, कर्बवायूचा रेणू सरळ आणि दोन्ही बाजूंनी सारखा असतो, आणि झिओलाइटच्या कोठड्यांत बसलेले सोडियमचे धनभारित अणू विषमतेकडेच ओढले जातात. या पाण्याला उठवायचे तर तीनशे अंशांच्या आसपास ताप द्यावा लागतो, आणि तो ताप पुन्हा कुठले तरी इंधन जाळूनच यायचा. यावर एक उपाय सुचतो: चौकटीतले ॲल्युमिनियम कमी करावे, म्हणजे सोडियम कमी होईल आणि पाण्याची ओढही ओसरेल. ती ओसरतेच, पण तिच्याबरोबर कर्बवायूची ओढही ओसरते. ज्या गुणामुळे आपण हे द्रव्य निवडले तो गुण आणि ज्या दोषामुळे ते वाया गेले तो दोष, दोन्ही एकाच मुळातून फुटलेले निघतात. माणसांच्या स्वभावांबद्दल हे आपल्याला अनुभवाने ठाऊक असते. दगडाच्या बाबतीत ते मोजून सिद्ध होते, एवढाच फरक.

औंढ्यात बसून पोकळीचा विचार करायचा म्हटले की विसोबा खेचर टळत नाहीत. परंपरा सांगते की नामदेव गुरूच्या शोधात इथे आले तेव्हा म्हातारे विसोबा शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून पडले होते. नामदेवांनी हटकले, विसोबा म्हणाले, बाबा रे, जिथे शिव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय ठेवतील तिथे पिंड उगवू लागली. ही कथा सहसा देवाच्या सर्वव्यापकत्वाची म्हणून सांगितली जाते आणि ते बरोबरच आहे. मला मात्र तिच्यात रिकाम्या जागेबद्दलची एक जुनी शंकाही ऐकू येते: रिकामी जागा म्हणून काही असते का? असलीच तर ती रिकामी राहायला तयार असते का?

गंमत अशी की याच तालुक्यात, दुधाळ्याच्या माळावर, आता मुद्दाम रिकामी जागा घडवायचे काम हाती घेतलेले आहे. लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ च्या एप्रिलमध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांब असतील, आणि त्या पोलादी नळ्यांच्या पोटातली हवा इतकी उपसावी लागेल की उरलेला दाब बाहेरच्या दाबाच्या एक लाख कोटीव्या भागाएवढा राहील. अशा निर्वातात शेवटपर्यंत छळतो कोण? पाणीच. ते पोलादाच्या पृष्ठभागाला एकेका रेणूच्या थराने चिकटून बसते आणि सावकाश सुटत राहते. म्हणून अमेरिकेतल्या लायगोच्या नळ्या दीडशेहून अधिक अंशांवर महिनाभर तापवाव्या लागल्या होत्या. विसोबांनी विचारले तेच जणू पंपांना विचारायचे, जिथे पाणी नाही अशी जागा दाखवा.

नागनाथाचे गर्भगृह जमिनीच्या पातळीखाली आहे. अरुंद दगडी पायऱ्यांनी, अंग चोरून, वाकून उतरावे लागते, आणि खाली बुटक्या छताखाली मोजकीच माणसे मावतात. गर्दीच्या दिवशी तिथली हवा अंगाला चिकटते. अभिषेकाचे पाणी, बेलपाने, तेल आणि माणसांचे उच्छ्वास यांचा एक कोंदट, ऊबदार, काहीसा आदिम वास तिथे भरून राहतो. आपल्या उच्छ्वासात कर्बवायू सुमारे ४ टक्के असतो, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळजवळ शंभरपट, आणि बाष्प तर पुरेपूर. त्या कोंडलेल्या अर्ध्या उजेडात उभा असलेला प्रत्येक भाविक हे एक लहानसे धुराडेच आहे. आणि हे धुराडे आपल्या पोटातला कर्बवायू वाहून आणते ते संपूर्णपणे ओल्या मार्गाने. रक्तात त्याचा थोडा भाग हिमोग्लोबिनच्या अमाइन टोकांना बिलगून येतो. बहुतेक भाग मात्र पाण्याशी संयोग पावून बायकार्बोनेट होऊन येतो, आणि ते रूपांतर क्षणार्धात घडवणाऱ्या विकराच्या मध्यभागी जस्ताचा एकच अणू बसलेला असतो. पाणी बाजूला सारून हे काम करावे असे निसर्गाच्या मनात कधी आले नाही. शेतात उभी असलेली रब्बीची ज्वारीही तेच सांगते. कर्बवायूचा एक रेणू आत घ्यायचा तर पानाचे रंध्र उघडावे लागते आणि त्या उघड्या दारातून पाण्याचे शेकडो रेणू निसटतात. ज्वारीने हा खर्च गव्हाच्या मानाने बराच कमी केला, म्हणून तर काळ्या रानातल्या उरल्यासुरल्या ओलीवर ती कणसाला येते. पण शून्यावर तो तिलाही आणता आला नाही.

अमाइनची गोष्ट इथे थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. अमोनियाच्या गोत्रातली ही संयुगे कर्बवायूला रासायनिक बंधाने धरतात. १९३० साली अमेरिकेत त्यांच्या द्रावणाचे पेटंट निघाले, आणि आजही विंध्याचलच्या एनटीपीसी केंद्रात २०२२ पासून दिवसाला २० टन कर्बवायू पकडणारा प्रकल्प याच मार्गाने चालतो. अडचण अशी की द्रावणात बहुतांश भाग पाण्याचाच असतो, आणि कर्बवायू सोडवून घेण्यासाठी ते सगळे पाणी तापवत बसावे लागते. मग विचार आला, पाण्याऐवजी सच्छिद्र दगडाच्या कोठड्यांतच अमाइन बसवले तर? नागपूरच्या नीरी संस्थेत साधना रायलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच दिशेने झिओलाइटवर अमाइन चढवून पाहिले. २००९ च्या सुमारास त्यांचे हे काम प्रसिद्ध झाले. जगभर अशा संस्कारित द्रव्यांवर जे पुढे कळत गेले ते मला या सगळ्या विषयातले सर्वांत सुंदर वळण वाटते. कोरड्या वायूत कर्बवायूचा एक रेणू धरायला अमाइनची दोन टोके खर्ची पडतात. ओलावा असेल तर बायकार्बोनेटच्या वाटेने एक टोकही पुरू शकते. शिवाय कोरड्या, तापलेल्या कर्बवायूत ही टोके हळूहळू युरियाच्या जातीच्या बंधात जखडली जाऊन निकामी होतात, आणि थोडी वाफ सोबत असेल तर ते जखडणे टळते. ज्याला आतापर्यंत शत्रू म्हणून हुसकावत होतो तो घरात असल्यावरच घर चालते! कोठडी तीच, पाणी तेच. भिंतीवर चढवलेल्या एका पातळ संस्काराने दोघांचे नाते फिरले.

ही झाली संसारी वाट. दुसरी वाट वैराग्याची आहे, आणि तिच्यात पुण्याचा थोडा हात आहे. धातूचे अणू आणि सेंद्रिय रेणू यांच्या जोडकामातून उभारलेल्या अतिसच्छिद्र चौकटींना, म्हणजे मॉफना, २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले; रिचर्ड रॉबसन, सुसुमु कितागावा आणि ओमर याघी हे तिघे मानकरी. यांतल्या काही चौकटींच्या एका ग्रॅममध्ये एकरभर पृष्ठभाग सामावलेला असतो, आणि असे आकडे ऐकले की आपण शेतकरी माणसे भारावतो. पण कॅलगरी विद्यापीठातल्या जॉर्ज शिमिझू यांच्या गटाने २०२१ मध्ये ज्या काल्फ-२० या मॉफची कसोटी जगापुढे ठेवली (पुण्याच्या आयसरमधले रामनाथन वैद्यनाथन तिचे एक सहलेखक), त्याचा पृष्ठभाग ग्रॅमला जेमतेम पाच गुंठे आहे. पाच गुंठ्यांच्या या धन्याने एकरवाल्यांना मागे टाकले, कारण त्याला कुणाला आत घ्यायचे ते कळते. हवेतली सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांपर्यंत गेली तरी तो कर्बवायूलाच पसंती देतो, वाफेचा मारा सोसतो आणि खचत नाही. त्याच्या कोठडीत पाण्याला धरायला कुठेही ठळक खुंटी नाही. कर्बवायू मधल्या मोकळ्या जागेत नेमका मावतो. पाण्याचे बळ मुळात एकमेकांचा हात धरून साखळी करण्यात आहे, आणि इथे सुरुवातीला आलेला पाण्याचा रेणू एकटा पडतो. एकटे पाणी दुबळे असते, हे वाचेपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते.

आणि हा विरागी बनला आहे कशाचा? जस्त, ट्रायझोल आणि ऑक्झॅलेट. हिंगोली-परभणीच्या कोणत्याही कास्तकाराने या तिघांशी नकळत व्यवहार केलेला आहे. जस्त तो झिंक सल्फेटच्या पुडीतून रानात टाकतो. ट्रायझोलचे कडे टेब्युकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल या बुरशीनाशकांत असते, जी पाठीवरच्या पंपातून फवारली जातात. आणि ऑक्झॅलिक आम्ल हरभऱ्याच्या पानांवर पाझरणाऱ्या आंबेत मॅलिक आम्लाच्या जोडीने असते, ती आंब, जी थंडीच्या पहाटे दवात भिजलेल्या हरभऱ्यावरून पांढरे फडके फिरवून, पिळून, बाटलीत भरून पोटदुखीसाठी ठेवली जात असे. रक्तातल्या विकरात जस्त पाण्याला कामाला लावते. काल्फ-२० मध्ये तेच जस्त फक्त चौकट तोलून धरते आणि पाण्याकडे पाठ फिरवते. द्रव्य एकच असूनही शेजार बदलला की त्याचा स्वभाव किती बदलावा! आणखी एक विसंगती नोंदवून पुढे जातो. याच मॉफच्या कुळातून याघींनी वाळवंटातल्या हवेतून प्यायचे पाणी गोळा करणारी द्रव्येही घडवली. टँकरची वाट पाहणाऱ्या मुलुखाला, दमट हवेतून पाणी टाळून कर्बवायू पकडण्याची ही सगळी धडपड ऐकून हसू आले, तर ते हसू समजून घेतले पाहिजे.

औंढ्याच्या देवळाचा खालचा भाग यादवकालीन, काळ्या दगडाचा, गजथरांनी आणि मूर्तींनी भरलेला. वरचा भाग पुढच्या काळात पेशवाईच्या शैलीत पुन्हा बांधलेला. खालचा कलावंत छिन्नी घेऊन दगडातून काढून टाकत गेला, वरचा गवंडी थापी घेऊन भर घालत गेला. त्या वरच्या घडणीचा विचार करताना मला चुना आठवतो, आणि चुना आठवला की वाटते, दमट हवेतून कर्बवायू पकडण्याचे संस्कारित सच्छिद्र द्रव्य आपल्या घराघरावर होते. काळ्या रानातले चुनखडीचे खडे भट्टीत भाजले की त्यांतला कर्बवायू उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवायचा, वाळूबरोबर बैलाच्या घाणीत मळायचा, आणि मळताना त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी, उडदाचा चिकट काढा असे ज्या गावाला जे सापडेल ते घालायचे. पुढे भिंतीवर बसलेला तो गिलावा वर्षानुवर्षे हवेतला कर्बवायू ओढून पुन्हा दगड होत जातो. जुन्या वाड्याच्या ढासळलेल्या भिंतीशी वाकून पाहिले तर हे नीट दिसते: कडेला नखाने ओरखडा उठत नाही इतका कठीण थर, आत वाळूचे कण, मधूनच न मळलेल्या चुन्याची पांढरी कळी, तागाचा एखादा धागा. घाणीत घातलेल्या गुळाने आणि गराने चुन्याच्या रंध्रांचा आकार, त्यांतली ओल, घट्ट होण्याचा वेग हे सारे बदलते. त्या लोकांनी रंध्रे पाहिली नव्हती, पण हाताला कळले होते.

आणि त्यांना ओलही कळली होती. गिलावा झाल्यावर गवंडी त्यावर पाणी मारत राहतो, कारण पूर्ण कोरडा चुना कर्बवायूला दाद देत नाही. रंध्राच्या भिंतीवर पाण्याचा पातळ थर हवा, त्यात चुनाही विरघळतो आणि कर्बवायूही, तेव्हा कुठे दोघांची गाठ पडते. उलट रंध्र पाण्याने तुडुंब भरले तर कर्बवायू आत शिरेनासा होतो, कारण पाण्यातून त्याची चाल हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद असते. भिंत ओली हवी, चिंब नको. हे प्रमाण कुठल्या पोथीत नाही. ते तळहाताने भिंत चाचपण्यात आहे. अर्थात यात फसू नये: भिंतीने जो कर्बवायू परत घेतला तो भट्टीने आधी सोडलेलाच होता, वर भट्टीच्या सरपणाचा निराळा. जुन्या कारागिरीला हवामानबदलाचे उत्तर म्हणून मखरात बसवण्यात मला रस नाही. तिने ओलाव्याशी जे जमवून घेतले ते तेवढे मला शिकण्याजोगे वाटते, आणि संसारी वाटेकडे माझा कल का आहे हेही त्यातून उघड व्हावे. गंमत म्हणजे आजच्या घडीला व्यवहारात अधिक टिकाऊ दिसतो तो विरागीच. अमाइन तापाने आणि प्राणवायूने झिजतात, निसटतात, नवे भरावे लागतात.

औंढ्याच्या नैऋत्येला परळी वैजनाथ. तिथेही ज्योतिर्लिंग, आणि तिथेच मराठवाड्याचे औष्णिक वीजकेंद्र. २०१३ च्या दुष्काळात ते केंद्र पाण्यावाचून बंद पडले होते. कोळशाची नव्हे, पाण्याची वानवा. परळीचा २५० मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाकाठी पाच हजार टनांहून अधिक कर्बवायू बाहेर पडतो. काल्फ-२० ची खऱ्या धुरावरची चाचणी कॅनडातल्या एका सिमेंट कारखान्यात झाली, तीत दिवसाला सुमारे एक टन पकडला गेला. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. नैराश्यासाठी नव्हे, अंतर कळावे म्हणून. ते अंतर कधी तरी कापले जाईल, मुंबईच्या आयआयटीत यासाठी राष्ट्रीय केंद्रही उभे राहिले आहे, आणि एखादे दिवस कुणीतरी असे द्रव्य घेऊन परळीच्या धुराड्याशी येईलच. त्याला माझी विनंती आहे: कोरड्या वायूतला आकडा आणि दमट वायूतला आकडा एकाच ओळीत छापा, आणि दमट आकडा आधी. हवेतूनच कर्बवायू वेचायचा बेत असेल तर चाचणी माघात घेऊ नका, श्रावणात घ्या. आणि पकडलेल्या प्रत्येक टनामागे पाणी किती लागले, तेही त्याच तक्त्यात मांडा. इथे पहिल्यांदा तेच विचारले जाईल.